जिवाणुभक्षी विषाणू आणि सूक्ष्मजीव समुदाय : एका प्रश्नाचा इतिहास (१८९६ ते २०२४)

प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासात शोधांच्या तारखा सहज सापडतात. एखादा प्रश्न प्रथम केव्हा विचारला गेला, तो का मागे पडला आणि पुन्हा कोणत्या वाटेने वर आला, याची नोंद मात्र क्वचितच ठेवली जाते. जिवाणूंच्या पेशीत शिरून त्यांच्यावरच वाढणाऱ्या विषाणूंचा, म्हणजेच बॅक्टेरिओफाज किंवा संक्षेपाने फाज यांचा इतिहास या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. पाठ्यपुस्तकांत या विषाणूंची ओळख बहुधा दोन प्रकारे करून दिली जाते. प्रतिजैविकांपूर्वीचे एक फसलेले औषध ही पहिली ओळख, आणि डीएनए हाच आनुवंशिकतेचा वाहक आहे हे सिद्ध करण्यास उपयोगी पडलेले साधन ही दुसरी. परंतु हे विषाणू निसर्गात, म्हणजे नदीत, समुद्रात, मातीत आणि माणसाच्या आतड्यात नेमके काय करतात, हा प्रश्न या दोन्ही ओळखींच्या मधल्या जागेत हरवला होता.

हा प्रश्न नवा नव्हता. १९२० च्या दशकातच तो स्पष्ट शब्दांत मांडला गेला होता, आणि त्याची तपासणी भारतातील पटकीग्रस्त गावांत सुरूही झाली होती. तरीही त्याला भक्कम उत्तर मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले. मधल्या पाऊणशे वर्षांत काय घडले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

उद्दिष्टे

१) फाज-संशोधनाच्या प्रमुख टप्प्यांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) सूक्ष्मजीव समुदायाच्या जडणघडणीतील विषाणूंच्या भूमिकेचा प्रश्न कोणत्या कारणांनी मागे पडला व कसा परतला, हे तपासणे.
३) संशोधनासाठी निवडलेला विषाणू, पद्धती आणि संशोधकांचा समूह यांतील परस्परसंबंध स्पष्ट करणे.

व्याप्ती व पद्धती

प्रस्तुत विवेचन प्रकाशित संशोधनाच्या आधारे वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने केले आहे. विषयाचा विस्तार मोठा असल्याने पटकी आणि समुद्राचे पाणी या दोन सूत्रांभोवतीच विवेचन मर्यादित ठेवले आहे. मातीतील व वनस्पतींवरील सूक्ष्मजीवांचे संशोधन यात समाविष्ट नाही.

१. आग्र्याचे पाणी

या इतिहासाची सुरुवात बहुतेक लेखक आग्र्यापासून करतात. वायव्य प्रांताच्या सरकारचे रासायनिक परीक्षक व जिवाणुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हॅनबरी हॅन्किन यांनी १८९६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. गंगा व यमुना यांच्या न उकळलेल्या पाण्यात पटकीचे जिवाणू घातले असता ते काही तासांत नाहीसे होतात, उघड्या भांड्यात पाणी उकळल्यास हा गुण जातो, आणि विहिरीच्या पाण्यात तो आढळत नाही, अशी त्यांची निरीक्षणे होती. पटकीची साथ नदीच्या प्रवाहाच्या दिशेने का पसरत नाही, या व्यावहारिक शंकेशी ती जोडलेली होती.

फाजचा शोध लागल्यावर या निबंधाकडे नव्याने पाहिले गेले आणि ‘फाजचे पहिले दर्शन गंगेच्या पाण्यात झाले’ हे विधान रूढ झाले. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. हॅन्किन यांनी स्वतः या गुणाचे श्रेय पाण्यातील एखाद्या उडून जाणाऱ्या रासायनिक द्रव्याला दिले होते. बंद भांड्यात तापवलेल्या पाण्यात हा गुण टिकून राहतो, असे त्यांना आढळले होते. उष्णतेने विषाणू नष्ट होतात, हे लक्षात घेता त्यांनी पाहिलेला परिणाम फाजमुळेच होता असे ठामपणे म्हणता येत नाही. अलीकडील अभ्यासकांनीही याच कारणास्तव या दाव्याविषयी शंका व्यक्त केली आहे.

याच्याशी संबंधित आणखी एक बाब नोंदवणे उचित ठरेल. फाज आपल्या विशिष्ट जिवाणूशिवाय वाढू शकत नाही. एखाद्या पाण्यात आतड्यातील जिवाणूंचे फाज मुबलक आढळले, तर त्या पाण्यात मैलापाणी मिसळत असल्याची ती खूण असते. पाणी-तपासणीत कोलायफाज हे मलप्रदूषणाचे निर्देशक म्हणून वापरले जातात ते याच तत्त्वावर. त्यामुळे नदीत फाज असणे आणि नदी स्वच्छ असणे या दोन गोष्टी एक मानणे शास्त्राला धरून नाही. खुद्द हॅन्किन यांनीही नदीच्या गुणावर विसंबून स्वस्थ न बसता विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याच्या उपायाचा पुरस्कार केला होता.

२. दोन शोध आणि एक नाव

१९१५ मध्ये लंडनच्या ब्राऊन संस्थेतील फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा निबंध लिहिला. देवीच्या लसीच्या द्रवात शिरलेल्या गोलाणूंच्या काही वसाहती काचेसारख्या पारदर्शक होतात, आणि त्यांचा अतिसूक्ष्म गाळणीतून गाळलेला द्रव लावल्यास निरोगी वसाहतीही तशाच होतात, असे त्यांनी दाखवले. याचे कारण विषाणू आहे, विकर आहे की जिवाणूच्या जीवनक्रमातीलच एक अवस्था, हा निर्णय त्यांनी खुला ठेवला. महायुद्धाच्या धामधुमीत त्यांचे काम पुढे सरकले नाही.

१९१७ मध्ये पाश्चर संस्थेतील फेलिक्स डेरेल यांचे टिपण एमिल रू यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे सादर केले. हगवणीतून बऱ्या होणाऱ्या रुग्णांच्या विष्ठेत, हगवणीच्या जिवाणूंचा नाश करणारा एक अदृश्य सूक्ष्मजीव असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. जिवाणूंच्या दाट थरावर उमटणाऱ्या निरभ्र ठिपक्यांवरून त्यांनी त्याची मोजदाद केली आणि त्याला ‘बॅक्टेरिओफाज’ म्हणजे जिवाणुभक्षक हे नाव दिले.

ट्वॉर्ट आणि डेरेल यांच्या निरीक्षणांतील फरक केवळ तपशिलाचा नव्हता. ट्वॉर्ट यांनी काचेच्या बशीतील एक घटना पाहिली. डेरेल यांनी मात्र रुग्ण, त्याच्या आतड्यातील जिवाणू आणि त्या जिवाणूंवर जगणारा विषाणू असे तिहेरी नाते पाहिले. रुग्ण बरा होतो तो त्याच्या आतड्यात फाज प्रबळ झाल्यामुळे, आणि असा बरा झालेला रुग्ण इतरांपर्यंत फाज पोहोचवतो. म्हणून रोगाप्रमाणे रोगमुक्तीही संसर्गाने पसरते, हा त्यांचा सिद्धांत होता. आजच्या परिभाषेत सांगायचे तर हा परिसंस्थेचा सिद्धांत होता. तो मांडणाऱ्याकडे त्या काळी ना फाज दिसेल असा सूक्ष्मदर्शक होता, ना जिवाणूंच्या मिश्र समुदायाची मोजणी करण्याचे साधन. नोबेल पारितोषिक विजेते ज्यूल बोर्दे यांच्यासारखे मान्यवर तर फाज हा सजीव विषाणू आहे हेच मान्य करण्यास तयार नव्हते.

३. पटकीची गावे

डेरेल यांच्या सिद्धांताची सर्वांत मोठी परीक्षा भारतात झाली. १९२७ मध्ये त्यांनी मॅलोन व लाहिरी या सहकाऱ्यांसह पटकीच्या रुग्णांचा अभ्यास केला. त्याचा वृत्तांत १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. बऱ्या होणाऱ्या रुग्णांत पटकीच्या जिवाणूवर प्रबळ असणारा फाज आढळतो आणि दगावणाऱ्यांत तो आढळत नाही किंवा दुर्बळ असतो, हे त्यांचे मुख्य निरीक्षण होते. पंजाबात गावांच्या विहिरींत फाज टाकून साथीवर काय परिणाम होतो हेही पाहण्यात आले.

यातून ‘बॅक्टेरिओफाज इन्क्वायरी’ या नावाने ओळखला जाणारा उपक्रम उभा राहिला. भारतीय संशोधन निधी संघाच्या साहाय्याने तो १९३६ पर्यंत चालला. पाटण्यास इगोर आशेशोव्ह आणि शिलाँगच्या पाश्चर संस्थेत मॉरिसन यांनी त्याची धुरा वाहिली. आसाममधील नौगाव, म्हणजे आजचा नगाव जिल्हा, आणि सिल्हेटमधील हबीगंज हा आज बांगलादेशात असलेला भाग, अशी दोन क्षेत्रे निवडण्यात आली. नौगावात फाजच्या कुप्या गावप्रमुखांकडे ठेवल्या गेल्या आणि जुलाबाचा पहिला रुग्ण दिसताच औषध देण्याची व्यवस्था झाली. हबीगंज हे प्रारंभी तुलनेसाठी ठेवलेले क्षेत्र होते. नौगावातील पटकीचे मृत्यू कमी झाल्याचे अहवालांत नोंदवले गेले.

तथापि हा निष्कर्ष निर्विवाद ठरला नाही. पटकीची साथ आपोआप चढते आणि आपोआप ओसरते. त्यामुळे एखाद्या जिल्ह्यात काही वर्षे ती न येणे हे फाजचे यश की साथीचा स्वभाव, हे दोन जिल्ह्यांच्या तुलनेवरून ठरवता येत नव्हते. दोन्ही जिल्ह्यांचे पाणी, वस्ती आणि दळणवळण सारखे नव्हते. शिवाय या प्रयोगात एक अंतर्विरोध होता. डेरेल यांचा सिद्धांत खरा असेल, तर फाज पाण्यातून आणि माणसांतून आपोआप पसरणार. मग ‘फाज दिलेले’ आणि ‘फाज न दिलेले’ असे दोन स्वच्छ गट राहणार कसे? सिद्धांत जितका खरा, तितकी त्याची अशा पद्धतीने केलेली तपासणी निकामी, अशी ही कोंडी होती. आणि तुलनाक्षेत्र म्हणून कागदावर लिहिलेल्या गावांत माणसे खरोखर पटकीने मरत होती, हेही या संदर्भात विसरता येत नाही. वसाहतकालीन वैद्यकाच्या नोंदींत ही माणसे केवळ आकड्यांच्या रूपाने उरली आहेत.

१९३४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात ईटन व बेन-जोन्स यांनी फाज-उपचारांचा आढावा घेऊन त्यांच्या परिणामकारकतेविषयी गंभीर शंका व्यक्त केल्या. १९४० च्या दशकात प्रतिजैविके आली. पुढे १९७० च्या सुमारास पूर्व पाकिस्तानात पटकीच्या रुग्णांना मोठ्या मात्रेत फाज देऊन पाहिले गेले, तेव्हाही तो टेट्रासायक्लिनची बरोबरी करू शकला नाही. तत्कालीन सोव्हिएत संघातील जॉर्जियामध्ये ही परंपरा टिकून राहिली. परंतु तेथील संस्थेचे संस्थापक आणि डेरेल यांचे स्नेही गिओर्गी एलिआव्हा यांना १९३७ मध्ये स्टालिनच्या दमनसत्रात गोळ्या घालण्यात आल्या. इतरत्र औषध म्हणून फाज मागे पडला, आणि औषधाबरोबर डेरेल यांचा परिसंस्थेचा प्रश्नही गुंडाळून ठेवला गेला. ‘फाज रुग्णाला बरे करतो का’ या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी दिसू लागताच, ‘फाज साथीचे आणि जिवाणूंचे काय करतो’ हा स्वतंत्र प्रश्नही निकाली निघाला असे गृहीत धरले गेले. प्रस्तुत इतिहासातील ही पहिली हानी होय.

४. प्रयोगशाळेतील एकांत

दुसरी हानी अपयशातून न होता एका असाधारण यशातून झाली. १९३९ मध्ये एमरी एलिस आणि मॅक्स डेलब्रुक यांनी फाजच्या वाढीचा संख्यात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. डेलब्रुक हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ होते. अणुरचनेच्या अभ्यासात हायड्रोजनच्या अणूने जी सोय करून दिली, तशी सोय त्यांना जीवशास्त्रात हवी होती. त्यांच्याभोवती साल्वादोर लुरिया, आल्फ्रेड हर्शी आदींचा जो समूह जमला तो ‘फाज गट’ म्हणून प्रसिद्ध आहे. १९४४ मध्ये या गटाने एक करार केला. सर्वांनी ई. कोलाय जिवाणूचा एकच वाण आणि त्यावरील टी-१ ते टी-७ हे सातच फाज वापरायचे, म्हणजे एका प्रयोगशाळेचे निष्कर्ष दुसरीत ताडून पाहता येतील. १९४५ पासून कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे फाजचे उन्हाळी अभ्यासवर्ग सुरू झाले आणि पुढील पिढी त्यातून घडली.

या शिस्तीचे फळ मोठे होते. जिवाणूंतील उत्परिवर्तने आपोआप होतात हे लुरिया व डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये दाखवले. हर्शी व मार्था चेस यांच्या १९५२ च्या प्रयोगाने फाजचा डीएनएच पेशीत शिरतो हे सिद्ध केले. डेलब्रुक, हर्शी व लुरिया यांना १९६९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र या कराराने जे वगळले त्याचाही विचार व्हायला हवा. एक जिवाणू, सात फाज, भरपूर अन्न असलेले माध्यम, ३७ अंश सेल्सिअस तापमान ही परिस्थिती निसर्गात सहसा आढळत नाही. स्पर्धक जिवाणू, उपासमार, ऋतू आणि प्रवाह हे सर्व घटक प्रयोगातून मुद्दाम काढून टाकलेले होते. १९४३ चा प्रसिद्ध प्रयोग मुळात फाजच्या हल्ल्यातून वाचणाऱ्या जिवाणूंविषयीचा होता. शिकारी आणि शिकार यांच्या नात्याविषयीचा प्रश्न त्यात दडलेला होता. वाचन मात्र आनुवंशिकतेच्या अंगाने झाले. निवडलेले सातही फाज जिवाणूला फोडणारे होते. जिवाणूच्या गुणसूत्रात सुप्तपणे राहणाऱ्या फाजांविषयी डेलब्रुक बराच काळ साशंक होते. पॅरिसमध्ये आंद्रे ल्वॉफ यांनी १९५० च्या सुमारास सुप्त फाजचे अस्तित्व निर्विवाद सिद्ध केल्यावर हे चित्र पालटू लागले. १९५१ मध्ये व्हिक्टर फ्रीमन यांनी, घटसर्पाचा निरुपद्रवी जिवाणू फाजच्या संसर्गानंतर विषारी होऊ शकतो, हे दाखवले. विषाणू जिवाणूला केवळ मारत नाही, त्याचा स्वभावही बदलतो, हे सूचित करणारे हे महत्त्वाचे निरीक्षण होते.

५. समुद्राच्या थेंबातील मोजणी

निसर्गातील फाजकडे लक्ष न जाण्याचे आणखी एक कारण मोजणीच्या पद्धतीत होते. फाज मोजायचा तर त्याचा जिवाणू बशीत वाढवावा लागे. समुद्रातील बहुसंख्य जिवाणू नेहमीच्या माध्यमांवर वाढतच नाहीत. जिवाणूच वाढला नाही तर निरभ्र ठिपका उमटणार कोठे? परिणामी समुद्रात विषाणू अत्यल्प आहेत, असा समज दृढ झाला. १९७९ मध्ये टोरेला व मोरिटा यांनी अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावरील पाण्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने विषाणू पाहिले आणि ते अपेक्षेहून पुष्कळ असल्याचे नोंदवले, पण त्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

१९८९ मध्ये नॉर्वेतील बर्गन विद्यापीठातील ओइविंड बर्ग व सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाने हा समज मोडला. त्यांनी पाण्यातील कण अतिवेगवान सेंट्रिफ्यूजने थेट सूक्ष्मदर्शकाच्या जाळीवर बसवले आणि मोजले. जिवाणू वाढवण्याची अटच त्यांनी काढून टाकली. नैसर्गिक पाण्याच्या एका मिलीलिटरमध्ये २५ कोटींपर्यंत विषाणू त्यांना आढळले. पुढच्याच वर्षी लिटा प्रॉक्टर व जेड फरमन यांनी समुद्रातील जिवाणूंचे पातळ छेद घेऊन, त्यांतील काही टक्के पेशी तयार विषाणूंनी भरलेल्या असल्याचे दाखवले. पेशी फुटण्यापूर्वीची ही अवस्था अल्पकाळ टिकते. म्हणून काही टक्के ही संख्याही विषाणूंमुळे होणारे मरण मोठे असल्याची निदर्शक होती.

आज स्वीकारल्या गेलेल्या अंदाजानुसार समुद्राच्या पृष्ठभागाजवळील पाण्याच्या एका मिलीलिटरमध्ये सुमारे १ कोटी विषाणू असतात. सर्व महासागरांतील त्यांची संख्या १ वर ३० शून्ये इतकी मोठी असावी, आणि समुद्रातील सूक्ष्मजीवांपैकी सुमारे पाचवा हिस्सा दररोज विषाणूंमुळे नष्ट होत असावा. हे आकडे अंदाज आहेत, हे लक्षात ठेवूनही त्यांचे महत्त्व कमी होत नाही.

६. समुदायाची घडण

मोजणीनंतर स्पष्टीकरणाची गरज निर्माण झाली. विषाणू इतके मारत असतील तर समुदायात उरते काय? १९९० च्या दशकात नॉर्वेतील फ्रेडे थिंगस्टाड यांनी याचे गणिती प्रारूप मांडले. जिवाणूंचा जो वाण स्पर्धेत जिंकून संख्येने वाढतो, त्याची आणि त्याच्या फाजची गाठ पडण्याची शक्यता वाढते. फाज वाढतो, वाण घटतो आणि मोकळ्या झालेल्या अन्नावर दुर्बळ वाण तग धरतात. एकाच पिकाखाली गेलेल्या शिवारात त्या पिकाची कीड झपाट्याने पसरते, त्यासारखाच हा प्रकार आहे. समुदायातील विविधता टिकते ती अशा रीतीने विजेत्याला वेसण घातल्यामुळे. पुढे २०१६ मध्ये प्रवाळ परिसरातील अभ्यासातून याला एक महत्त्वाची पुरवणी जोडली गेली. जिवाणू अतिशय दाट झाले असता काही फाज विजेत्याला मारण्याऐवजी त्याच्या जनुकांत सुप्तपणे वस्ती करतात, असे त्यातून सुचवण्यात आले. दोन्ही प्रारूपे कोठे व किती लागू पडतात, हा वादाचा विषय आहे.

दुसरे स्पष्टीकरण अन्नसाखळीचे होते. १९९९ मध्ये स्टीव्हन विल्हेल्म व कर्टिस सटल यांनी दाखवून दिले की, विषाणूने फोडलेल्या पेशीतील द्रव्य पाण्यात विरघळते आणि पुन्हा जिवाणूंच्याच उपयोगी पडते. जे अन्न प्राणिप्लवकांमार्गे माशांपर्यंत पोहोचले असते, ते सूक्ष्मजीवांच्या वर्तुळातच फिरत राहते. सर्वांत लहान कण संपूर्ण समुद्राच्या कार्बनचक्राचा मार्ग बदलतो, ही या विचाराची फलश्रुती होय.

तिसरे अंग देवाणघेवाणीचे आहे. २००३ मध्ये प्रकाशसंश्लेषणासाठी आवश्यक असलेली जनुके समुद्रातील नीलहरित जिवाणूंच्या एका फाजमध्ये सापडली. यजमान पेशी मरेपर्यंत तिचे अन्न बनवण्याचे काम चालू ठेवण्यास ती साहाय्यभूत होत असावीत. जिवाणूंची बाजूही स्वस्थ नसते. विरजण म्हणून वापरल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जिवाणूच्या अभ्यासातून २००७ मध्ये असे सिद्ध झाले, की जिवाणू फाजच्या डीएनएचे तुकडे स्वतःच्या गुणसूत्रात साठवून पुढील हल्ला परतवतात. क्रिस्पर या नावाने ओळखली जाणारी ही यंत्रणा पुढे जनुक-संपादनाचे साधन बनली आणि २०२० च्या नोबेल पारितोषिकापर्यंत पोहोचली.

७. पुन्हा बंगालच्या पाण्यात

पटकीचे सूत्र या सर्व काळात पूर्ण तुटले नव्हते. १९५९ मध्ये कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी, पटकीच्या जिवाणूंचा जिवाणूविरहित गाळलेला द्रवही सशाच्या आतड्यात रोगलक्षण निर्माण करतो, हे दाखवून पटकीच्या विषाचे अस्तित्व सिद्ध केले. १९९६ मध्ये मॅथ्यू वॉल्डर व जॉन मेकलॅनोस यांनी दाखवले की, या विषाची जनुके मुळात एका तंतुरूप फाजची आहेत. विब्रिओ जिवाणू पटकी घडवतो तो या फाजने दिलेल्या हत्यारामुळे. डेरेल यांनी ज्याला पटकीचा शत्रू मानले, त्याच कुळातील एक सदस्य पटकीचा जनक निघाला.

शत्रू असलेला फाजही अखेर सापडला. ढाक्यातील आंतरराष्ट्रीय अतिसार रोग संशोधन केंद्रातील शाह फारुक व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दोन निबंध प्रसिद्ध केले. ढाक्याच्या पाण्यातील सुमारे तीन वर्षांच्या नमुन्यांवरून, पाण्यात पटकीचे फाज वाढतात तेव्हा रुग्णसंख्या घटते आणि फाज कमी असताना ती वाढते, असा व्यस्त संबंध त्यांनी दाखवला. साथीच्या उत्तरार्धात रुग्णांच्या शरीरातच फाजची वाढ होऊन ते पाण्यात मिसळतात आणि साथ ओसरण्यास हातभार लावतात, असे दुसऱ्या निबंधात प्रतिपादन होते. संसर्गाने पसरणाऱ्या रोगमुक्तीची १९२० च्या दशकातील कल्पना येथे मोजमापासह परतली. हबीगंजपासून फार दूर नसलेल्या, त्याच त्रिभुज प्रदेशाच्या पाण्यात ती परतली, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाला अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहत नाही.

पुढील संशोधनाने चित्र अधिक गुंतागुंतीचे केले. आयसीपी-१ या पटकीच्या फाजविरुद्ध जिवाणूने एक संरक्षण उभारले, आणि ते मोडण्यासाठी खुद्द फाजनेच क्रिस्पर यंत्रणा आत्मसात केली, असे २०१३ मध्ये आढळले. बांगलादेशातील रुग्णांच्या वर्षभराच्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार जिवाणूपाशी फाजविरोधी संरक्षण नसेल तेथे आयसीपी-१ त्याला प्रभावीपणे दाबतो, आणि हा प्रभाव तीव्र निर्जलीकरण कमी असण्याशी निगडित आहे. डेरेल यांचे ‘बरा होणाऱ्यात प्रबळ फाज असतो’ हे निरीक्षण अशा प्रकारे अंशतः खरे ठरले. तथापि साथ ओसरण्यात लोकांची वाढती प्रतिकारशक्ती, पाऊस आणि पाण्याची व्यवस्था यांचाही वाटा असतो. एकट्या फाजला हे श्रेय देणे म्हणजे १९३० च्या दशकातील चुकीची पुनरावृत्ती ठरेल.

८. विषाणूंनी घडवलेले संशोधक

वरील आढाव्यातून आणखी एक बाब ध्यानात येते. संशोधकांनी विषाणू निवडले, हे खरे. पण निवडलेल्या विषाणूंनीही संशोधकांचे समूह घडवले. हगवण व पटकीच्या फाजने वैद्यकांचा समूह उभा केला आणि त्यांची कसोटी रुग्णाचे जगणे-मरणे ही राहिली. टी-फाजने भौतिकशास्त्राकडून आलेल्यांचा समूह उभा केला. त्यांची कसोटी पुनरावृत्तीची अचूकता होती. समुद्रातील, कोणत्याही बशीत न वाढणाऱ्या विषाणूंनी समुद्रशास्त्रज्ञांना आणि पुढे संगणकावर जनुकक्रम वाचणाऱ्यांना एकत्र आणले. त्यांची कसोटी एकूण संख्या व प्रवाह ही झाली. प्रत्येक समूहाला त्याच्या पद्धतीने एक सत्य दिले आणि दुसरे झाकले. १९८९ च्या शोधासाठी लागणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक १९४० च्या दशकापासून उपलब्ध होता, त्याने फाजची छायाचित्रेही तेव्हाच घेतली गेली होती. उणीव होती ती समुद्राचे पाणी त्याखाली ठेवून मोजण्याचे कारण वाटण्याची.

निष्कर्ष

१) सूक्ष्मजीव समुदायावरील विषाणूंच्या प्रभावाचा विचार १९८९ नंतर जन्मला नाही. त्याचा स्पष्ट आरंभ १९१७ ते १९३० या काळातील डेरेल यांच्या कार्यात आढळतो.
२) हा प्रश्न दोनदा मागे पडला. प्रथम फाज-उपचारांवरील अविश्वासामुळे, आणि नंतर फाज गटाच्या यशामुळे रूढ झालेल्या, समुदाय वगळणाऱ्या प्रयोगपद्धतीमुळे.
३) जिवाणू वाढवण्याची अट दूर करणारी मोजणीची पद्धत हे या प्रश्नाच्या पुनरागमनाचे निर्णायक कारण ठरले.
४) विषाणू समुदायाला तीन प्रकारे घडवतात : प्रबळ वाणाची संख्या आटोक्यात ठेवून, अन्नद्रव्यांचा मार्ग बदलून आणि जनुकांची देवाणघेवाण घडवून. पटकीच्या जिवाणूत विनाश आणि विषाची देणगी या दोन्ही भूमिका एकत्र दिसतात.
५) हॅन्किन यांच्या निबंधाचा आधार घेऊन नदीच्या स्वयंशुद्धीविषयी केली जाणारी विधाने मूळ निरीक्षणांच्या मर्यादा लक्षात घेऊनच करावीत.

समारोप

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या वाढत्या संकटामुळे फाज-उपचारांकडे आज पुन्हा आशेने पाहिले जात आहे. अशा वेळी नौगाव आणि हबीगंजच्या प्रयोगाची आठवण उपयुक्त ठरेल. स्वतः वाढणारे, पसरणारे आणि बदलणारे औषध समुदायात सोडायचे, तर आधी तो समुदाय समजून घ्यावा लागतो. १९३० च्या दशकात ती समज मिळवण्याची साधने नव्हती, आज ती आहेत. जीवशास्त्र, वैद्यक, समुद्रशास्त्र आणि इतिहास या विद्याशाखांनी एकमेकींचे प्रश्न ऐकण्याची तयारी ठेवली, तर एकाच प्रश्नाच्या उत्तरासाठी पुन्हा पाऊणशे वर्षे थांबावे लागणार नाही.